काविळीचे पिवळे पाणी : एका प्रयोगाची उलटतपासणी

विज्ञान दिनाच्या आसपास शाळाशाळांतून ‘चमत्कारांमागचे विज्ञान’ दाखवले जाते. जळता कापूर जिभेवर ठेवणे, पाण्याने दिवा पेटवणे या प्रयोगांच्या जोडीला हातावरून कावीळ उतरवण्याचा प्रयोग त्यात असतोच. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी तो गावोगावी नेला, आणि आता विज्ञानशिक्षक स्वतःच तो करून दाखवतात. धाराशिव जिल्ह्यात (२०२३ पर्यंतच्या उस्मानाबादेत) तुळजापूर, कळंब, उमरगा या तालुक्यांतील शाळांमध्ये आम्ही तो अनेकदा पाहिला आहे. आमचे स्वतःचे काम औषधांच्या चयापचयाशी, म्हणजे पर्यायाने यकृताशी, निगडित असल्याने या प्रयोगाकडे आम्ही जरा जास्तच बारकाईने पाहतो. त्यातून आमचे जे मत बनले आहे, ते इथे मांडत आहोत.

प्रयोग बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. कावीळ उतरवणारा माणूस रोग्याच्या हाताला कसला तरी पाला किंवा सालीचा रस चोळतो, समोर परात ठेवतो आणि हातावर ‘मंतरलेले’ पाणी सोडतो. परातीत पिवळे पाणी जमते. ‘बघा, कावीळ उतरली!’ कार्यकर्ता हेच सारे वर्गातल्या एखाद्या धडधाकट मुलावर करून दाखवतो. त्याच्याही हातावरून पिवळे पाणी गळते. मग तो सांगतो, की रस आंब्याच्या अंतर्सालीचा आहे आणि पाणी म्हणजे चुन्याची निवळी. दोन्ही एकत्र आले की पिवळा रंग येतो.

प्रयोग म्हणून याची रचना चांगली आहे. ज्याला कावीळ नाही त्याच्या हातावरूनही पिवळे पाणी येते, म्हणजे पाण्याच्या पिवळेपणाचा काविळीशी संबंध नाही, हा तुलनेचा धडा त्यात आपसूक येतो. रसायनशास्त्रही खरे आहे. आंब्याच्या सालीत टॅनिने असतात, तसेच मँगिफेरिन नावाचे एक पिवळसर द्रव्य असते. या द्रव्यांमधील फिनॉल गटांतून अल्कलीमुळे हायड्रोजन आयन सुटतो आणि रंग गडद होतो. काही मुले ‘हातावर हळद असेल’ असा अंदाज करतात. त्यांना हळदीवर चुन्याची निवळी टाकायला सांगावे. हळद लाल होते, पिवळी राहत नाही, आणि हळदीपासून कुंकू कसे होते तेही त्यांना कळते.

आमचा आक्षेप प्रयोग संपल्यानंतर जे घडते त्याला आहे.

परात उचलली जाते, टाळ्या होतात आणि मागच्या बाकावरून हमखास एक प्रश्न येतो, ‘मग आमचे काका बरे कसे झाले?’ प्रश्न रास्त आहे. काकांचे डोळे पिवळे झाले होते, त्यांनी कावीळ उतरवून घेतली, गळ्यात माळ घातली आणि पंधरा-वीस दिवसांत डोळे पांढरे झाले. परातीतले पाणी कशाने पिवळे झाले, हे प्रयोगाने सांगितले. काकांचे डोळे कशाने पिवळे झाले आणि तो पिवळेपणा कुठे गेला, याबद्दल त्याने अवाक्षर काढलेले नाही. या प्रश्नाला आम्ही ऐकलेले उत्तर बहुतेक वेळा एकच असते, ‘कावीळ आपोआप बरी होते.’ पुढे फार तर एवढी भर पडते, ‘यकृत शरीरातले विष नष्ट करते, म्हणून विश्रांती घ्यावी.’

ही दोन्ही वाक्ये अर्धी खरी आहेत, आणि पहिले वाक्य तर प्रसंगी माळेइतकेच घातक ठरू शकते. कसे, ते समजण्यासाठी यकृतातल्या एका विकराची ओळख करून घ्यावी लागेल.

तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. जुन्या पेशी मोडल्या जातात, हीमोग्लोबिनमधले लोह पुन्हा वापरात येते आणि उरलेल्या भागापासून बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य बनते. प्रौढ माणसाच्या शरीरात ते रोज साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅम तयार होते. म्हणजे पिवळे द्रव्य निरोगी माणसातही रोज बनत असते आणि रोज बाहेर टाकले जात असते. पण ते पाण्यात विरघळत नाही, ही अडचण आहे. त्याच्या रेणूत पाण्याशी सलगी करणारे गट आहेत खरे, पण हायड्रोजन बंधांमुळे ते आतल्या आत एकमेकांत गुंतलेले असतात आणि रेणू घडी घातल्यासारखा मिटून राहतो. असे स्निग्धप्रेमी द्रव्य पित्तातून वा मूत्रातून सहजी बाहेर पडत नाही. रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून ते यकृतापर्यंत येते.

यकृताच्या पेशीत ग्लुकोजपासून बनलेले ग्लुकुरोनिक आम्ल, यूडीपी या वाहक रेणूला जोडलेल्या स्थितीत, तयार असते. हा वाहक-जोड ब्रिटनमध्ये डटन आणि स्टोरी यांनी १९५३ च्या सुमारास यकृतातून वेगळा काढला. यूडीपीवरचे हे आम्ल उचलून दुसऱ्या रेणूला जोडण्याचे काम करणाऱ्या विकरांना यूडीपी-ग्लुकुरोनोसिल ट्रान्सफरेज म्हणतात. नाव अवघड आहे, म्हणून आपण ‘यूजीटी’ म्हणू. माणसात अशी सुमारे वीस विकरे आहेत. त्यांपैकी यूजीटी-१ए१ हे विकर बिलिरुबिनच्या रेणूला ग्लुकुरोनिक आम्लाचे दोन रेणू जोडते. घडी उलगडते आणि बिलिरुबिन जलविद्राव्य होऊन पित्तात उतरते. आतड्यातले जिवाणू त्याचे पुढे रूपांतर करतात. विष्ठेचा तपकिरी आणि मूत्राचा पिवळा रंग त्यातूनच येतो.

जोडणीची ही क्रिया म्हणजेच ग्लुकुरोनिडीकरण. ती समजावण्यासाठी वर्गात हळदीचाच उपयोग होतो. हळदीचा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतो. बिलिरुबिनही पाण्याला असेच परके आहे. गंमत म्हणजे हळदीतल्या कर्क्युमिनलाही आपले आतडे आणि यकृत ग्लुकुरोनिक आम्ल जोडून बाहेर काढतात. त्यामुळे खाल्लेल्या हळदीतले फारच थोडे कर्क्युमिन मूळ रूपात रक्तात पोचते.

आंब्याचा विषय निघालाच आहे, तर इथे थोडे आडवळण घेतो. एकोणिसाव्या शतकात ‘इंडियन यलो’ नावाचा चित्रकारांचा रंग भारतातून युरोपात जात असे. बिहारमध्ये मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावी गवळी गाईंना आंब्याची पाने खाऊ घालून त्यांच्या मूत्रापासून तो बनवतात, असे वर्णन त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी १८८३ मध्ये लिहून ठेवले. या रंगातील मुख्य द्रव्य म्हणजे युक्झँथिक आम्लाचे क्षार, आणि युक्झँथिक आम्ल म्हणजे युक्झँथोनला जोडलेले ग्लुकुरोनिक आम्ल. युक्झँथोन आणि आंब्यातले मँगिफेरिन ही दोन्ही झँथोन कुळातली द्रव्ये. थोडक्यात, आंब्यातून आलेल्या पिवळ्या द्रव्याला गाईच्या यूजीटी विकरांनी ग्लुकुरोनिक आम्ल जोडून बाहेर टाकले आणि त्याचा रंग झाला. कावीळ उतरवणाऱ्याच्या परातीतले पिवळे पाणी आंब्याचेच. पण त्यात विकराचा काहीच वाटा नाही, तिथे नुसता चुना आहे.

आता काकांकडे वळू. रक्तातले बिलिरुबिन साधारणतः दर १०० मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास वा त्याहून कमी असते. ते २ ते ३ मिलिग्रॅमच्या पुढे गेले की डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो. पण ते वाढते तीन वेगवेगळ्या कारणांनी, आणि तिन्हींना मराठीत आपण एकच शब्द वापरतो. (लोक ‘पांढरी’ आणि ‘पिवळी’ असे काविळीचे प्रकार करतात, पण त्या विभागणीचा या तीन कारणांशी मेळ बसत नाही.) विकरापाशी येणारा माल वाढला, विकरच अपुरे पडले, किंवा विकराने काम केले पण पुढची वाट अडली, यांपैकी काहीही झाले तरी डोळे पिवळेच दिसतात.

सिकलसेलमध्ये किंवा हिवतापात रक्तपेशी भराभर फुटतात, तो पहिला प्रकार. विषाणूजन्य कावीळ आणि पित्तनलिकेत अडकलेला खडा हे तिसऱ्या प्रकारात येतात. विषाणूजन्य काविळीत आजारी पेशीसुद्धा बहुधा ग्लुकुरोनिक आम्ल जोडू शकते, पण जोडलेले बिलिरुबिन पित्तात ढकलणे तिला जमत नाही. ते रक्तात परतते आणि जलविद्राव्य झालेले असल्यामुळे मूत्रात उतरते. म्हणून या रोग्यांची लघवी गडद, चहासारखी होते. पहिल्या दोन प्रकारांत रक्तातले बिलिरुबिन न जोडलेले असते, ते मूत्रात उतरत नाही. रक्ततपासणीच्या कागदावर ‘डायरेक्ट’ आणि ‘इनडायरेक्ट’ असे दोन आकडे छापलेले असतात, त्यांचा अर्थ साधारणपणे हाच : जोडलेले आणि न जोडलेले. डच वैद्य व्हॅन डेन बर्ग यांनी रंगाच्या अभिक्रियेवरून हे दोन प्रकार ओळखले ते पहिल्या महायुद्धाच्या काळात. ‘डायरेक्ट’ म्हणजे ग्लुकुरोनिक आम्ल जोडलेले बिलिरुबिन, हे उलगडायला मात्र १९५० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला.

दुसरा प्रकार आमच्या दृष्टीने सर्वांत बोलका. गिल्बर्ट आणि लेरेबुले या फ्रेंच वैद्यांनी १९०१ मध्ये एका सौम्य, घराण्यात चालत येणाऱ्या काविळीचे वर्णन केले. अशा माणसांत यूजीटी-१ए१ चे काम नेहमीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकेच चालते. १९९५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी त्याचे कारण दाखवले. या विकराच्या जनुकाच्या सुरुवातीला, ते किती वाचले जावे हे ठरवणाऱ्या भागात, टीए ही अक्षरजोडी नेहमी सहा वेळा येते. या माणसांत ती सात वेळा आढळते आणि विकर कमी बनते. जनुकाची ही सात जोड्यांची आवृत्ती आपल्या उपखंडात चांगलीच प्रचलित आहे. अशी माणसे निरोगी असतात, पुष्कळांना आयुष्यभर हे कळतही नाही. मात्र ताप, अतिश्रम, अपुरी झोप आणि विशेषतः उपवास घडला, की दोन दिवसांत त्यांचे डोळे पिवळसर होतात. नेहमीचे खाणेपिणे सुरू झाले की पुन्हा पांढरे होतात.

तुळजापूरच्या परिसरात हे सांगताना उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. शारदीय नवरात्रात नऊ दिवसांचे कडकडीत उपवास करणारे आणि आई भवानीच्या दर्शनाला मैलोगणती चालत येणारे लाखो आहेत. त्यांत गिल्बर्ट प्रकारची माणसे असणारच. समजा, अशा एखाद्या तरुणाचे डोळे पाचव्या-सहाव्या माळेला पिवळे दिसले, घरच्यांनी त्याची कावीळ उतरवून घेतली, दसऱ्याला उपवास सुटला आणि डोळे निवळले. श्रेय कोणाला जाईल, हे सांगायला नको. (ज्यांचा उपवास ‘एकादशी, दुप्पट खाशी’ या वळणाचा असतो, त्यांच्या बिलिरुबिनवर साबुदाण्याच्या खिचडीने फरक पडण्याची शक्यता कमीच.) गळ्यातल्या माळेचेही तसेच आहे. ओल्या देठांचे तुकडे विशिष्ट गाठीत ओवलेले असतात. ते सुकून आक्रसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबत जाते. ‘माळ उतरली तशी कावीळ उतरली’ असे म्हटले जाते. माळ सुकायला लागणारा काळ आणि साधी विषाणूजन्य कावीळ ओसरायला लागणारा काळ हे जवळपास जुळतात, एवढेच त्यातले तथ्य.

‘कावीळ आपोआप बरी होते’ हे वाक्य या तरुणाच्या बाबतीत खरे आहे. दूषित पाण्यातून होणारी ‘अ’ प्रकारची कावीळ झालेल्या बहुतेक मुलांच्या बाबतीतही खरे आहे. पण पित्तनलिकेतला खडा आपोआप विरघळेल असे धरून बसता येत नाही. ‘ई’ प्रकारची विषाणूजन्य कावीळही दूषित पाण्यातूनच पसरते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तिचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. एरवी बरी होणारी ही कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर शंभरांतील वीसपर्यंत स्त्रिया दगावू शकतात. क्षयरोगाच्या गोळ्या चालू असताना डोळे पिवळे झाले, तर ती त्या गोळ्यांनी यकृताला होणारी इजा असू शकते आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जायला हवे. उलट एचआयव्हीच्या उपचारातील अटाझानाविर हे औषध थेट यूजीटी-१ए१ लाच रोखते. त्यामुळे डोळे पिवळे होतात, पण यकृताला इजा झालेली नसते. तिथे घाबरून मनाने गोळ्या बंद करणे हाच खरा धोका. डोळे सगळ्यांचे सारखेच पिवळे दिसतात. वर्गात ते एक वाक्य ऐकून घरी गेलेल्या मुलाने यांतले काय ओळखावे?

दुसऱ्या वाक्याकडे, ‘यकृत विष नष्ट करते’ याकडे, आता जरा थांबून पाहू. वरची सर्व हकीकत वाचल्यावर लक्षात येईल, की बिलिरुबिन इथे नष्ट होत नाही. त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून विद्राव्य केले जाते आणि बाहेर पाठवले जाते. औषधांच्या बाबतीतही हेच. पॅरासिटॅमॉलची गोळी घेतली, की प्रौढ माणसात तिचा सुमारे निम्मा भाग ग्लुकुरोनिक आम्ल जोडून आणि जवळपास तिसरा हिस्सा सल्फेट जोडून मूत्रातून जातो. उरलेल्या थोड्या भागापासून दुसरे विकरकुल एक अतिशय क्रियाशील, पेशींना मारक द्रव्य बनवते. ग्लुटाथायोन त्याला वेळीच अडवते म्हणून आपल्याला काही होत नाही. मात्रा अतोनात झाली, की जोडणीच्या वाटा अपुऱ्या पडतात, ग्लुटाथायोन संपते आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. म्हणजे विष बनवणारेही यकृत आणि अडवणारेही यकृत! मांजराच्या कुळात पॅरासिटॅमॉल हाताळणाऱ्या यूजीटीचे जनुक निकामी झालेले आहे. म्हणून माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ‘माणसाला चालते ते जनावराला चालेल’ असे समजून घरातल्या गोळ्या मांजराला देऊ नयेत, हे मुलांना या निमित्ताने जरूर सांगावे.

काही वेळा तर ग्लुकुरोनिक आम्ल जोडल्यावर औषध अधिक जोमदार होते. मॉर्फिनच्या एका ठिकाणी हे आम्ल जोडले गेले, की बनणारे द्रव्य वेदनाशामक म्हणून मॉर्फिनपेक्षाही प्रभावी असते. मूत्रपिंडे कमजोर असतील तर ते शरीरात साठते आणि रोग्याचा श्वास मंदावतो. त्याला ‘विष नष्ट होणे’ म्हणता येईल काय?

दुसरे उदाहरण आपल्या सह्याद्रीशी नाते सांगणारे आहे. नरक्या नावाच्या झाडात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य सापडते. या द्रव्यापासून बनवलेले इरिनोटेकन हे औषध मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर देतात. शरीरात त्याचे जे क्रियाशील रूप बनते, त्याला निष्प्रभ करण्याचे काम यूजीटी-१ए१ कडे, म्हणजे बिलिरुबिन हाताळणाऱ्या त्याच विकराकडे असते. नवरात्रात जेमतेम डोळे पिवळे होण्यापलीकडे ज्याला आयुष्यभर काही त्रास झाला नाही, त्या गिल्बर्ट प्रकारच्या माणसाला या औषधाची नेहमीची मात्रा जड जाऊ शकते. त्याच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात. अमेरिकेत २००५ पासून या औषधाच्या माहितीपत्रकात तशी सूचना आहे. ज्यांच्यात जोडणी व्यवस्थित होते, त्यांच्याही आतड्यातले जिवाणू जोडलेले ग्लुकुरोनिक आम्ल पुन्हा तोडतात आणि सुटलेले औषध तिथे जुलाब घडवते. म्हणून बाजारातल्या ‘यकृतशुद्धी’च्या आणि ‘विष बाहेर काढणाऱ्या’ बाटल्यांकडे आम्ही संशयाने पाहतो. कोणते विष, कोणते विकर, कोणती वाट, यांपैकी एकाचेही उत्तर त्या बाटलीवर नसते.

सर्वांत जास्त काळजी आहे ती नवजात बाळांची. जन्माच्या वेळी यूजीटी-१ए१ चे काम प्रौढांच्या सुमारे एक टक्का इतकेच असते आणि पूर्ण क्षमतेला पोचायला तीनेक महिने लागतात. त्यात बाळाच्या रक्तपेशी प्रौढांपेक्षा लवकर मोडतात. त्यामुळे पूर्ण दिवसांच्या दर दहांपैकी सहा बाळांना पहिल्या आठवड्यात थोडी कावीळ दिसते. बहुतेकांची ती ओसरते. पण न जोडलेले बिलिरुबिन स्निग्धप्रेमी असल्याने फार वाढले तर मेंदूत शिरते आणि बाळ बहिरे किंवा कायमचे अपंग होऊ शकते. औषधांचा धडाही याच वयात मिळाला. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक दिलेली नवजात बाळे राखाडी पडून दगावू लागली, तेव्हा १९५९ मध्ये कारण पुढे आले. त्या औषधाला ग्लुकुरोनिक आम्ल जोडण्याची ताकद त्या यकृतांत अजून आलेलीच नव्हती.

या बाळांवरचा उपचार इंग्लंडमधल्या एका परिचारिकेच्या नजरेतून सुरू झाला. एसेक्समधील रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड बाळांना उन्हात नेत असत. १९५६ मध्ये त्यांनी डॉक्टरांना दाखवले, की कापडाखाली झाकलेली त्वचा पिवळी राहिली आहे आणि उन्हात उघडी राहिलेली फिकी पडली आहे. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये दिव्यांच्या प्रकाशाने हाच परिणाम घडवून दाखवला. निळा प्रकाश बिलिरुबिनच्या रेणूची घडी उलगडतो आणि ग्लुकुरोनिक आम्ल न जोडताही त्याला पित्तातून बाहेर पडता येते. विकराचे काम तेवढ्यापुरते प्रकाश करतो. आपल्याकडच्या आज्या बाळाला कोवळ्या उन्हात धरतात, त्यामागे हे तत्त्व आहे खरे, पण उन्हाची मात्रा मोजता येत नाही आणि वाढलेल्या काविळीला ती पुरत नाही. जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेला पिवळेपणा, दूध न ओढणारे सुस्त बाळ, यांपैकी काहीही आढळले तर उन्हाची वाट न पाहता रुग्णालय गाठायला हवे. अशा बाळाला कोणी माळ घालत असेल तर तो गुन्हाच. पण ‘कावीळ आपोआप बरी होते’ असे शाळेत शिकलेली मावशी घरात थांबा म्हणत असेल, तर तिला तसे कोणी शिकवले, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

म्हणून आमची सूचना अशी. परातीचा प्रयोग जरूर करावा, पण तो अर्ध्या तासाचा करावा. पिवळे पाणी दाखवून झाले, की तीन काचेचे पेले मांडावेत. एकात हळद आणि पाणी, दुसऱ्यात हळद आणि तेल, तिसऱ्यात पाण्यात सहज विरघळणारा पिवळा खाण्याचा रंग. पहिले दोन पेले न जोडलेल्या बिलिरुबिनचा स्वभाव दाखवतील, तिसरा जोडलेल्याचा. हे निव्वळ नमुने आहेत, तिसऱ्या पेल्यात प्रत्यक्ष जोडणी झालेली नाही, हेही स्पष्ट सांगावे. नाहीतर आपणही परातवाल्यासारखेच रंग दाखवून मोकळे होऊ. मग फळ्यावर विकराच्या आधी, विकरापाशी आणि विकरानंतर असे तीन रकाने काढावेत आणि हिवताप, उपवास, नवजात बाळ, पित्ताचा खडा, ‘ई’ प्रकारची कावीळ यांना मुलांनीच रकान्यात बसवावे. प्रत्येक वेळी लघवीचा रंग कसा असेल, ते विचारावे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना खऱ्या तपासणीतले ‘डायरेक्ट’ आणि ‘इनडायरेक्ट’ आकडे, रोग्याचे नाव काढून, वाचायला देता येतील. काकांबद्दल विचारणाऱ्या मुलाला शेवटी उत्तर द्यायचे ते नेमके द्यावे. काकांना बहुधा अमुक प्रकारची कावीळ होती, ती माळेशिवायही ओसरली असती. पण ती कोणती होती हे रक्त तपासल्याखेरीज ना माळवाल्याला कळले असते, ना आपल्याला.

एवढा वेळ कार्यक्रमात नसतो, असे आयोजक म्हणतील. मग पाण्याने दिवा पेटवण्याचा प्रयोग त्या वर्षापुरता वगळावा.